कूस बदलणारी मांजर

नवघर रोड, भाईंदर (पूर्व)
९ जानेवारी २०२५

शुभाताई,

मी माझ्या हातांनी काय काय बनवलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तू हसणार नाहीस.

एक उजेडाची पेटी. खाली ट्यूबलाइट, वर दुधी प्लास्टिकचा पत्रा, एका बंद पडलेल्या दुकानाच्या पाटीतून कापलेला. पेटीच्या कडेला दोन खुंट्या, स्टीलच्या कढईच्या तुटक्या कानातून कापून आणि घासून केलेल्या, बरोबर सहा मिलिमीटर जाड. त्यांच्यावर भोकं पाडलेला कागद बसला की केसभर हलत नाही. मोबाइल पालथा धरायला एक स्टँड, आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या दोन पट्ट्यांचा. (दुर्गा अजून विचारते, ताटं कुठे लावू?) आणि चार हजार बत्तीस चित्रं. पेन्सिलीची. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात नंबर. सेकंदाला बारा चित्रं, असे तीनशे छत्तीस सेकंद. गुणाकार करून बघ.

तर मी कार्टून फिल्म केली आहे. एक मांजर आणि दोन उंदीर. कोणाकडे शिकलो नाही, क्लास लावला नाही. हंसाबेनच्या दुकानात सत्तावीस वर्षं भांड्यांवर नावं टाकतोय. स्टीलवर चुकलेलं अक्षर खोडता येत नाही, कागदावर येतं, म्हणून कागद मला सोपा गेला. मांजरीची चाल शिकायला मात्र अकरा रविवार उत्तनच्या पुढे चौक बंदरावर गेलो. बोटी लागतात तिथे बायका मासळी निवडतात आणि मांजरी रांगेत बसतात. तिसऱ्या रविवारी एक म्हातारी म्हणाली, "काय रं, तुज्या गावाला मांजर न्हाय काय?" मी म्हटलं, आहे, पण ती बसत नाही. तर म्हणते, "मग हिकडं बस. ह्या हायत कायमच्या."

हे वेड कुठून लागलं ते तुला माहीत आहे. १९८१ साली शाळेच्या मैदानात सरकारी गाडी आली होती. मुख्य पिक्चरच्या आधी पाच मिनिटांचं रंगीत कार्टून दाखवलं, मांजर आणि उंदरांचं. मांजर डोळे मिटून पडते, उंदीर तिच्या नाकासमोरून चालत येतात, आणि नेमकं तिथे रीळ तुटलं. पुढे मांजरीने काय केलं ते मला आणि आपल्या शेजारच्या नाथाला आजतागायत कळलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली. शेवटी म्हटलं, आपणच बनवू.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या फोनच्या डब्यात चित्र दिसत नाही, म्हणून अठ्ठेचाळीस चित्रांची गड्डी पाठवतोय, ३२१७ ते ३२६४. डाव्या हातात घट्ट धर आणि उजव्या अंगठ्याने सोडत जा. चार सेकंदांत मांजर कूस बदलेल. झेरॉक्स आहे, अंगणवाडीच्या पोरांनी फाडली तरी चालेल.

आता काम. आपल्या खळ्यात आंब्याची साठं वाळत घालायचो, तेव्हा ताटं किती असायची? मी बावीस काढली आहेत. नाथा म्हणतो अठरा. इथल्या दुकानांत त्याला आंबापोळी म्हणतात आणि साखर घालतात, त्यामुळे कोणाला विचारायची सोय नाही. पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चादर लावून फिल्म दाखवणार आहे. तोपर्यंत ताटं बरोबर हवीत.

नमस्कार लिहायचा राहिला. साष्टांग.

तुझा
दशरथ


वरचीवाडी, ता. लांजा
२१ जानेवारी २०२५

चि. दशरथ यास अनेक आशीर्वाद.

मोठ्या बहिणीला नमस्कार पत्राच्या बुडाला आणि कढईचा कान पहिल्या ओळींत. असो. मिलिमीटर पोचले.

गड्डी पोचली. आधी मी सोडली, मग मदतनीस बाईने, मग सव्वीस पोरांनी. अंगणवाडीतून निवृत्त झाले तरी मी अकरा वाजता जाऊन बसते, कोणी उठवत नाही. पोरांचा अभिप्राय असा: मांजर छान आहे, पण जाडी आहे. एकाने विचारलं, "ती मांजर आजी हाय का?" मी विचारलं, का रे? तर म्हणे, "तुमच्यासारकी झोपलीय." पोरांना फाडू दिली नाही. उशाखाली ठेवलीय.

त्याचंच मला विचारायचं आहे. तू अकरा रविवार चौकला जाऊन मांजरी बघितल्यास ना? मग सांग, कुठली मांजर उजवा हात गालाखाली घेऊन आणि पायाचा अंगठा दुसऱ्या पायात अडकवून झोपते? मी साठ वर्षांत हजार मांजरी पाहिल्या. अशी झोपणारी एकच बाई मला ठाऊक आहे आणि ती तुला हे पत्र लिहितेय. खरं सांग मेल्या, मांजर कोण?

ताटं बावीसही नव्हती आणि अठराही नव्हती. एकोणीस ताटं आणि एक परात. परातीच्या बुडाला पोचा होता, तिथलं साठं जाड व्हायचं आणि उशिरा वाळायचं. तुला सगळ्यांत जास्त तेच आवडायचं. एवढं बारीक बघणारा तू, परात विसरलास?

आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक आत्ता लिहिते, दुसरी तुझं उत्तर आल्यावर.

३२३० नंबरपासून मांजरीची शेपटी थरथरतेय. बाकी मांजर शांत, शेपटीची रेघ मात्र जागोजागी मोडलेली. मी पोरांना अक्षरं गिरवायला शिकवण्यात जन्म घालवला. घाबरलेल्या हाताची रेघ कशी येते आणि दुखऱ्या हाताची कशी, ते मला समजतं. मांजर भ्यालीय, की तुझ्या हाताला काही झालंय?

दुर्गाला म्हणावं, मांडणी परत माग.

तुझी
शुभाताई


भाईंदर (पूर्व)
२ फेब्रुवारी २०२५

ती. शुभाताईस साष्टांग नमस्कार. (बघ, पहिल्या ओळीत.)

परात मान्य. परात मी विसरलो हे मलाच पटत नाही, पण पोच्याचं वाचलं आणि जिभेवर चव आली. एक ताट खोडून परात काढली. जास्तीची दोन ताटंही खोडली. सत्तर चित्रांत ती दिसतात, सत्तरच्या सत्तर बदलली.

शेपटीचं म्हणशील तर मांजर झोपेत शेपटी हलवते, हे मी चौकला बघून लिहून ठेवलेलं आहे. हात ठणठणीत आहे.

आता मांजर. ठीक आहे, तूच. पण रागावू नकोस, आधी फिल्म ऐक. ऐक म्हणजे वाच. फिल्ममध्ये कोणी बोलत नाही, गाणं नाही. कानांनी बघावं लागेल असं मी काही ठेवलेलंच नाही.

पहिलं चित्र स्टीलच्या ताटाचं. त्यावर नाव टाकतात तसं फिल्मचं नाव मी मशीनने कोरलंय. मग खळं. दुपार. वीस भांडी उन्हात. मांजर काठी घेऊन राखणीला बसलेली. कावळे हाकलते, मुंग्या झाडते, सगळं व्यवस्थित. मग डोळे जड होतात आणि ती आडवी होते. उंदीर येतात. पुढचा मी, मागचा नाथा. ताटातलं साठं कडेने सोडवून गुंडाळी करतात आणि मोकळं ताट दुसऱ्या ताटाखाली सरकवून ठेवतात. अशी सहा दिवसांत सहा. सहाव्या दिवशी गुंडाळी करताना मांजर नेमकी कूस बदलते, उंदीर गारठून उभे राहतात, मग ती पुन्हा घोरायला लागते. हा माझा सगळ्यांत चांगला शॉट, तोच तुला पाठवलाय. तुझा खांदा कसा चार वेळा हलला होता, ते मला आजही दिसतं. बरोबर चार वेळा. तसाच काढलाय. शेवटी उंदीर गुंडाळी घेऊन माळ्यावर पसार, मांजर झोपलेलीच. सगळे हसणार. तूही हस. तू झोपाळू होतीसच, ताई, त्याला मी काय करू?

नाथा रोज संध्याकाळी रिक्षा लावून येतो आणि फोटो काढायला हेडफोनचं बटण दाबतो. एक चित्र, एक दाब. मोबाइलला हात लावायचा नाही, हलतो. नाथा म्हणतो, "आपण चोऱ्या केल्या तेव्हा एवढी मेहनत नव्हती."

एक बातमी. आरोहीने वीस सेकंदांचा तुकडा मोबाइलवरून चार ठिकाणी पाठवला आणि परवा मीरा रोडच्या एका कंपनीचा माणूस दुकानात आला. अभिनव नाव, तिशीचा, सभ्य. लहान मुलांची कार्टून्स बनवतात. म्हणाला, "सर, हे हाताने केलंय? सगळं?" मी सांगितलं, हाताने आणि कढईच्या कानाने. त्यांना फिल्म विकत हवी आहे. उंदरांना आवाज देणार, हिंदीत बोलवणार. हंसाबेन गल्ल्यावरून म्हणाल्या, "दशरथभाई, दे दो. घर में रखके क्या करोगे?" आरोही म्हणते, पप्पा, विका आणि ते नाव टाकायचं मशीन बंद करा एकदाचं.

मी विचार करतो म्हणून सांगितलंय. तुझं मत कळव. दुसरी गोष्ट कोणती दिसली तेही कळव, मला अर्धवट टीका आवडत नाही.

तुझा
दशरथ


वरचीवाडी
१५ फेब्रुवारी २०२५

चि. दशू,

आरोही मशीन बंद करा म्हणते, आणि हात ठणठणीत आहे. दोन्ही वाक्यं एकाच पत्रात लिहिलीस तू. ठणठणीत हाताचं मशीन कशाला बंद करायला सांगेल ती? सत्तावीस वर्षं हातात थरथरणारी सुई धरली की काय होतं ते मला कळतं. पुढच्या पत्रात कारणं नकोत, एक सरळ रेघ पाठव. पट्टी न लावता.

आता दुसरी गोष्ट. नीट बसून वाच. नाथालाही वाचून दाखव, तो घाबरेल तेव्हा त्याला पाणी दे.

तू माझा खांदा चार वेळा हललेला काढलास. तुझी नजर खरंच चांगली, मी खोटं कौतुक करत नाही. पण दशू, घोरणाऱ्या माणसाचं पोट हलतं. खांदा हसताना हलतो.

मी झोपलेली नव्हते.

सहाच्या सहा दिवस नव्हते. माझे कान तेव्हा मांजरीसारखे होते आणि तुमची कुजबुज विहिरीवर ऐकू जायची. नाथा म्हणायचा, "ताई उठली तर?" तू म्हणायचास, "ती कसली उठते, बघ कशी घोरतेय. कडेचं नको, चिवट असतं, मधलं काढ." मी मुद्दाम घोरत होते. सहाव्या दिवशी तुम्ही परातीतलं ओलं साठं ओढायला गेलात, ते नाथाच्या कोपरापर्यंत चिकटलं, आणि तो ते चाटत चाटत तुला दटावत होता की चाटू नकोस, वेळ जातो. मला हसू आवरेना म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. तोच तुझा सगळ्यांत चांगला शॉट.

तुम्ही गेलात की मी मोकळं ताट काढायची, दुसऱ्या दिवशीच्या रसातून त्यात पातळ थर घालायची आणि जागेवर ठेवायची. तरी पाऊस लागायच्या आधी आईने डबे भरताना मोजलं. सरूबाईच्या नजरेतून काय सुटायचं? सहा साठांचा माल कमी. तिने विचारलं, आणि मी सांगितलं, मी खाल्ली. त्या श्रावणात सगळ्यांना तुकडा तुकडा वाटला आणि मला म्हणाली, तुझं आधीच पोटात गेलंय. तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून खात होतात. नाथाने मला अर्धा देऊ केला होता. तू नव्हतास केला.

हे सगळं मी रागाने लिहीत नाही. राग असता तर तेव्हाच काठी होती हातात.

आणि रीळ. रीळ तुटलं नव्हतं बाबा. मांजरीने डोळे मिटले आणि तुम्ही दोघांनीही मिटले. नाथा माझ्या एका मांडीवर, तू दुसऱ्या. तू झोपेत रडायला लागलास म्हणून तुला खांद्यावर टाकलं, त्याला हाताला धरून ओढलं, आणि मी उठले. मागे मैदान हसत होतं, म्हणजे शेवट चांगला असणार. मी वळून बघितलं नाही, पायाखाली चिखल होता. त्यामुळे पुढे मांजरीने काय केलं ते मलाही माहीत नाही.

आता विकायचं. तू मत विचारलंस म्हणून सांगते: विक. हाताला विश्रांती मिळेल. मांजर मूर्ख राहिली तर राहू दे, इतकी वर्षं राहिलीच आहे. माझं काही अडलं नाही.

तुझी
शुभाताई


पोस्टकार्ड
भाईंदर, २४ फेब्रुवारी २०२५

ती. ताई, पत्र मिळालं. तुझं म्हणणं चूक आहे. रीळ तुटलं होतं. नाथाला वाचून दाखवलं, तोही म्हणतो चूक आहे. खांद्याचं तपासतोय. सविस्तर मागाहून. — दशरथ


वरचीवाडी
६ मार्च २०२५

चि. दशू,

पोस्टकार्डावर रेघ नव्हती. पण "तपासतोय" मधला त पाहिला. तीन ठिकाणी मोडलाय.

नाथाने मला वेगळं पत्र लिहिलंय, जन्मात पहिल्यांदा. एकच ओळ: "ताई, साठं कोपराला चिकटलेलं मला आठवतं, दश्याला सांगू नको." तर मी तुला सांगितलेलं नाही.

तुझं "मागाहून" कधी येतंय? पाडवा चोवीस दिवसांवर आला.

तुझी
शुभाताई


भाईंदर (पूर्व)
६ एप्रिल २०२५

ती. शुभाताईस साष्टांग नमस्कार.

उशीर झाला. कारणं सांगतो, एकही खोटं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी दोन रविवार तपासणी केली. पहिल्या रविवारी दुर्गा दुपारी झोपली तेव्हा बाजूला स्टूल टाकून बसलो. ती घोरते. (हे पत्र तिच्या हाती लागू देणार नाही.) पोट हलतं. खांदा अजिबात हलत नाही. दुसऱ्या रविवारी नाथाला भिंतीकडे तोंड करून झोपवलं आणि कोपराची गोष्ट काढली. त्याचा खांदा हलला. मी मोजलं. चार वेळा. मग तो उठून बसला आणि म्हणाला, "दश्या, आपण दोघं गाढव आहोत. एवढी वर्षं वाटत होतं आपण हुशार होतो."

रिळाचं मी अजून पूर्ण मान्य करत नाही. पण रीळ तुटलं तर पडदा पांढरा होतो, दिवे लावतात, लोक ओरडतात. त्यातलं काहीही मला आठवत नाही. मला आठवतोय तो तुझ्या पाठीमागचा अंबाड्याचा वास, खोबरेल तेलाचा. तो कार्टूनमधला नसणार.

आता हात. अंगठा आणि बाजूची दोन बोटं दिवाळीपासून बधीर आहेत. सकाळी कपाची दांडी धरलीय की नाही ते बघून खात्री करावी लागते. डॉक्टरने मशीन सोडायला सांगितलंय. तीन हजार दोनशेच्या पुढची सगळी चित्रं मी हाताला फडकं गुंडाळून काढली होती. तुला शेपटी दिसली. बाकी कोणाला दिसली नाही, अभिनवलाही नाही.

तर परिस्थिती अशी होती. शेवट चुकलेला. तो नव्याने काढायचा म्हणजे चौदा सेकंद, एकशे अडुसष्ट चित्रं. हात असा. पाडव्याला तेवीस दिवस. अभिनव रोज फोन करत होता, आहे तशी द्या, उंदीर जिंकतात तेच लोकांना हवंय. आरोही रोज जेवताना तेच. तू स्वतः लिहिलं होतंस, विक. मी दोन दिवस पेटीवर कागद ठेवून नुसता बसलो. सरळ रेघ येईना. एकदा वाटलं, देऊन टाकावी. मांजर मूर्ख राहिली तर कोणाला कळणार आहे?

मला कळणार होतं. स्टीलवर कोणाचं नाव चुकलं तर मी स्वतःच्या खर्चाने भांडं बदलून देतो, सत्तावीस वर्षांत तीनदा दिलंय. इथे तर तुझं नाव.

मग सुचलं. बोटं थरथरतात, खांदा थरथरत नाही. कागद दुप्पट मोठा घेतला आणि बोटांऐवजी अख्ख्या हाताने रेघ ओढायला लागलो, अंगण सारवतात तशी. मोबाइल वर चढवला. मोठं चित्र लहान दिसतं आणि थरथर त्यात बुडून जाते. पेटी लहान पडली, तर दुर्गाने आपणहून कपाटाच्या दाराची काच काढून दिली. म्हणाली, "मांडणी गेलीच आहे, हेही न्या. पण ताईंना मूर्ख दाखवू नका." तिला तुझं पत्र कोणी दाखवलं ते मी विचारलं नाही. हंसाबेनने महिनाभर नावांचं काम थांबवलं. गिऱ्हाईकाला सांगायच्या, "नाम बाद में. अभी बिल्ली चालू है."

दिवसाला आठ चित्रं व्हायची, कधी सहा. शेवटची अकरा पाडव्याच्या सकाळी, गुढी उभारून झाल्यावर.

पार्किंगमध्ये चादर लावली. सेक्रेटरी म्हणाला, "दशरथभाई, आवाज किधर है?" मी म्हटलं, नहीं है. म्हणाला, "स्पीकर लाऊं?" नको म्हटलं. गुजराती, मारवाडी, आपली, सगळी पोरं पुढे बसली. एकोणीस ताटं आणि परात आली तेव्हा मी नाथाकडे बघितलं. त्याने मान हलवली. उंदीर आले, पोरं हसली. गुंडाळी झाली, जास्त हसली. मांजरीने कूस बदलली, खांदा चार वेळा हलला, सगळी पुढे सरकली. उंदीर माळ्यावर पसार झाले.

आता नवा शेवट. मांजर भिंतीकडे तोंड करून पडलेली. काहीच हलत नाही, दहा सेकंद. (एकच चित्र धरून ठेवलं तर मांजर मेलेली दिसते, म्हणून एकशेवीसही वेगळी काढली.) एवढा वेळ कार्टूनमध्ये कोणी थांबत नाही, पण मी थांबलो. मग चार सेकंदांत ती एक डोळा उघडते. आपल्याकडे बघते. मोकळ्या ताटाला पंजाने हळूच जवळ ओढते. आणि डोळा पुन्हा मिटते.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची सलोनी, सहा वर्षांची, उठून ओरडली, "अरे, वो सोई नहीं थी! उसको सब पता था!" आणि मग जो गलका झाला, ताई, तो तुला तिथे ऐकू आला असता. पुन्हा लावा, पुन्हा लावा. चार वेळा दाखवली. दुसऱ्या वेळेपासून कोणी उंदरांकडे बघत नव्हतं, सगळे तुझ्याकडे बघत होते. नाथा एका कोपऱ्यात डोळे पुसत होता. विचारलं तर म्हणाला, "रिक्षाचा धूर."

ताटावर फिल्मचं नाव कोरलं होतं ना, तसं शेवटीही एक ताट आहे. त्यावर कोरलंय: सौ. सरूबाई यांची मोठी मुलगी शुभदा हिजकडून सप्रेम भेट. मशीनवर टाकलेली माझी ती शेवटची अक्षरं. दुकानात आता अर्धा दिवस बसतो, अक्षरं मी आखून देतो, मशीन आरोही धरते, आणि तेही हातात जाड मोजे घालून, हे मी बघतो. ते खरं ताट वेगळ्या पार्सलने पाठवलंय. नव्या साठांना वापर. मे महिन्यात मी, नाथा, चादर आणि पेटी घेऊन वरचीवाडीला येतोय. सव्वीस पोरांना आधी काही सांगू नकोस. शाळेच्या मैदानात शेवट बघायचा राहिलेली माणसं तिथे एकूण तीन असतील, त्यांना पुढे बसव. आणि श्रावणात वाटशील तेव्हा माझा तुकडा तू खा. अर्धा नाही, अख्खा.

अभिनव पाडव्याला आला होता. खुर्ची नव्हती, बाइकवर बसून बघितली. काल परत आला. चांगला माणूस आहे, वाईट बोलवत नाही. म्हणाला, सर, सगळं मान्य, आवाज टाकत नाही, तुमचं नावही ठेवतो. फक्त शेवटचे चार सेकंद काढा. मांजरीला सगळं माहीत होतं म्हटल्यावर उंदीर हिरो कसे राहणार? अठ्ठेचाळीस चित्रं, सर, बाकी एकालाही हात लावत नाही.

उघडलेला एक डोळा मिटायचे तीन लाख चाळीस हजार रुपये देत होता. मी नाही म्हटलं.

तुझा
दशरथ